खिडकीवरची काजळी

३ तारीख
पोचलो एकदाच्या. एवढ्या उंचावर फक्त हे हवा मोजायचं केंद्र, साहेब आणि आम्ही मायलेकी. खाली भट्ट्यांच्या धुरानं लेकीची छाती पार कामातून गेली, म्हणून इथलं झाडलोट-स्वयंपाकाचं काम धरलं. आज पोरगी न थांबता जिना चढली. जीव भांड्यात पडला. पाणी तेवढं बर्फासारखं आहे, भांडी घासताना बोटं बधिर होतात.

५ तारीख
इथं काडीसुद्धा ओढायची नाही. छतावरचं यंत्र पांढऱ्या गोल कागदातून हवा ओढतं, तो कागद साहेब रोज बदलतात. आजचा काळाकुट्ट निघाला. साहेबांनी मलाच विचारलं, काय जाळलं म्हणून. मी म्हटलं, विजेची शेगडी तुम्हीच दिलीत, तिला काय फुंकर घालू? लेक हसली. म्हणाली, "आई, तू डोंगराशीपण भांडशील."

९ तारीख
रोज कागद काळा, रोज माझी उलटतपासणी. शेवटी साहेबांनी माझी खोली, शेगडी, केराची बादलीसुद्धा हुंगून पाहिली. मग कबूल केलं, की खालच्या भट्ट्यांचा धूर वाऱ्याबरोबर डोंगरांमागून डोंगर ओलांडून इथवर येतो, बर्फावर बसतो. मग आम्ही मरमर करून वर आलो कशाला?
खिडकी पुसून पुसून हात गेले. काजळी नेमकी लेकीच्या खाटेशी. तोंडाएवढे डाग, बाहेरून कुणी काचेवर श्वास सोडल्यासारखे.

१२ तारीख
लेक खोकतेय. साहेब म्हणाले, खाली दवाखान्यात नेऊ. ज्या धुरातून आणली त्याच धुरात? डोकंच सटकलं. नाही म्हणून सांगितलं. फटी ओल्या फडक्यांनी बुजवल्या. येऊ दे आता कसा येतो तो.

१३
वारा पडलाय. छतावरचा कागद पांढरा. काचेवरचे डाग आता आतून. पुसले — परत. साहेब दारातून म्हणाले, "आत काहीतरी जळतंय बाई, खरं सांगा." काही जळत नाही. कितीदा सांगू?

१४
खोकला थांबला. लेक निजलीय. आमच्या गल्लीतल्या भट्टीचा वास येतोय, तिच्या — यंत्राचा कोरा कागद तिच्या तोंडापुढं धरला. काळा.
साहेबांना हाका मारल्या. ओ नाही.
फडकी काढली. खिडकी उघडत नाही — काचेला बाहेरून तोंडं लागलीत, एकाला एक चिकटून —
लेक उठून बसली. कागद माझ्यापुढं धरलाय. म्हणते, "आई, आता तू सोड."
श्वास रोखून धरलाय. लिहिता हात नाही थांबवत. पण किती वेळ रोखू, छाती