अस्वल, झुडूप आणि जाण्याचा योग्य काळ

तीर्थस्वरूप दादांना, गुडघे साथ देतात तेवढा वाकून नमस्कार.

आपली दाढ आता कशी आहे? काढून टाकलीत, की अजून मिठाच्या गुळण्यांवर तिची समजूत घालताय? वहिनींच्या पाठीला शेक चालू असेलच. इकडे माझं ठीक आहे. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, दुकान वेळेवर उघडतो. घरात आवाज आहे तो माझा एकट्याचा, आणि तो ऐकायला कोणी नाही. आपली धाकटी बहीण आपल्याकडे सुखरूप पोहोचल्याचं वहिनींच्या फोनवरून कळलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आलीय, दमलीय, आणि तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते," आणि त्यांनी फोन ठेवला. हिने आपल्याला हकिगत सांगितली असेलच, पण ती एका बाजूची. दुसरी बाजू तपशिलासकट आपल्यापुढे मांडणं मी माझं कर्तव्य समजतो.

मुळात प्रश्न असा, की राष्ट्रीय उद्यान बघायला वर्षातल्या कोणत्या काळात जावं. लोक सुट्टी मिळाली की पिशव्या भरतात आणि निघतात. हे म्हणजे लाकूड ओलं असताना त्यावर पॉलिशचा हात मारण्यासारखं आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हिने इच्छा बोलून दाखवली होती, की आपण दोघांनी मिळून एकदा रानातलं अस्वल बघायचं. त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे आहे. (मी कॉलेजात गेलेलो नाही, हे आपण लग्न ठरवताना दोनदा विचारलं होतंत आणि मी दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं. जे शिकलो ते स्वतः वाचून, आणि वाचलेलं पडताळून.) हिचं म्हणणं पावसाळा संपता संपता जावं, रान हिरवंगार असतं, फुलं असतात. असतात ना! पण गवतही छातीएवढं असतं. त्यात अस्वल मागच्या पायांवर उभं राहून हात हलवू लागलं तरी दिसायचं नाही. तो काळ बाद. हिवाळ्यात सकाळी धुकं. शिवाय थंडीत अस्वल सुस्तावतं असं एक पुस्तक म्हणतं आणि मुळीच सुस्तावत नाही असं दुसरं. जिथे पुस्तकांचंच जमत नाही तिथे आपण कशाला मध्ये पडा? हिवाळाही बाद. राहता राहिला उन्हाळ्याचा शेवट. गवत वाळून आडवं झालेलं, झाडं बोडकी, ओढे आटलेले आणि आसपासच्या रानाला मिळून एकच पाणवठा. पाहुण्याला गाठायचं तर तो जेवायला बसतो तिथे गाठावं. तहान कोणाला चुकली आहे? हा निष्कर्ष काढायला काही वर्षं गेली, हे मी नाकारत नाही. ("तोवर अस्वलं म्हातारी झाली," असं ही शेजारणीला सांगताना मी ऐकलं आहे.)

आता पावसाबद्दल. उन्हाळ्याच्या शेवटी अवकाळी पावसाची भीती असते, तिचाही विचार मी केला होता. आपल्याला कल्पना नसेल, पण लाखेच्या पॉलिशइतकं हवेतलं पाणी दुसऱ्या कशालाच कळत नाही. हवा जरा दमट झाली, की चकाकीवर पांढुरकी साय धरते, काचेवर फुंकर मारावी तशी. यंदा आम्ही निघायच्या सुमारास दुकानात एका डॉक्टरांचं जेवणाचं टेबल होतं. त्यावर मी हातावर हात चढवत होतो आणि प्रत्येक हात आरशासारखा बसत होता. वाकून पाहिलं तर स्वतःच्या मिशीतले पांढरे केस मोजून घ्यावेत. पाऊस येणं शक्यच नाही, असं मी जाहीर केलं. रेडिओवर सांगत होते, की सरी पडतील. रेडिओने जन्मात एक खुर्ची तरी पॉलिश केली आहे का? तरी हिने आपली निळी छत्री पिशवीत घातली. (तीच, जिची एक काडी मी तारेने बांधून दिली आहे.) मी ती बाहेर काढली. हिने परत घातली. असं बराच वेळ चाललं, आणि शेवटी बस सुटायची वेळ झाली तेव्हा छत्री आत होती.

आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी पाऊस कोसळला. विश्रामगृहाच्या पत्र्यावर असा काही वाजत होता, की मला काही खुलासा करता येईना. सकाळी चहाला जाताना हिने छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पाणवठ्यासमोर लाकडी खोली आहे; आत एक बाक, आणि समोरच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. आत आम्ही दोघं, एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचे यजमान आणि उद्यानाचा गाईड. आदल्या दिवशी बसमध्ये मी बाईंना अस्वलाची जवळजवळ हमी दिली होती. आता ती मागे घेणं, आणि ती का मागे घेतोय हे समजावणं, भागच होतं: रात्रभरच्या पावसाने जागोजागी डबकी भरली, मग जनावर पायपीट करून इथे येईल कशाला? काल ते येणार होतं आणि आज येणार नव्हतं. दोन्ही विधानं एकाच शास्त्राला धरून होती. मी फटीकडे पाठ करून उभा होतो. बाई आणि यजमान हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होते, गाईडने डोळे मिटले होते. ही फटीपाशी बसून बाहेर बघत होती. (हिने हे सगळं घरी ऐकलेलं होतं.) मध्येच हिने माझी बाही ओढली. मी बोट वर केलं. तिने पुन्हा ओढली, जरा जोरात. पण माझं वाक्य मोठं होतं, त्यात पाच कारणं होती आणि मी तिसऱ्यावर होतो. तीन पायांचं टेबल मी कधी गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन ठेवलेलं नाही. पाचही कारणं पुरी केली आणि वळलो. समोर पाणी, चिखल, आणि पलीकडे एक काळपट झुडूप.

"अस्वल होतं," ही म्हणाली.

"झुडूप आहे ते," मी म्हणालो.

बाईंनी गाईडला विचारलं. त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "रान आहे बाई. असेलही, नसेलही." (अशा माणसाला पगार कशाचा मिळतो?)

परतताना बसमध्ये बाईंनी हिला मायेने जवळ बसवून घेतलं आणि काय काय दिसलं ते विचारलं. ही सांगू लागली: पाण्याशी आलं, पुढचे पाय वाकवून प्यायलं, मग मान वर केली तेव्हा त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं. मी मागच्या सीटवरून, निव्वळ अचूकतेसाठी, झुडूप अशी दुरुस्ती केली. ती पुढे सांगू लागली. मी परत दुरुस्ती केली. मग ती खिडकीकडे वळली. आपल्या गावाचा फाटा आला तशी उठली, वरची पिशवी काढली आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमचं झुडूप तुम्ही घेऊन जा घरी." आणि उतरली. बाईंनी मला पेपरमिंटची गोळी दिली. मी घेतली.

तेव्हा दादा, न्यायबुद्धीने पाहिलंत तर मी निवडलेला काळ बरोबर होता. पाऊस चुकीच्या वेळी आला. (डॉक्टरांच्या टेबलावर आता साय धरली आहे. सगळं घासून पुन्हा करावं लागेल. पण तो विषय वेगळा.)

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा (सध्या नावापुरता)

ता. क. एक विनंती. हे पत्र मनातल्या मनात वाचू नये. ही स्वयंपाकघरात असेल तेव्हा बाहेरच्या खोलीत, दाराशी खुर्ची घेऊन, मोठ्याने वाचावं. आधी नळ बंद आहे ना ते बघावं. दाढेमुळे शब्द नीट फुटत नसतील तर वहिनींनी वाचावं. पॉलिशचा परिच्छेद गाळला तरी चालेल, तो हिला पाठ आहे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात उद्यानातून त्या गाईडचा फोन आला. हिची छत्री त्या लाकडी खोलीत राहिली आहे. मग तो म्हणाला, "आणि साहेब, पाण्याच्या कडेला चिखलात..." मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, ते राहू दे. आमच्या घरच्यांनी अस्वल पाहिलं आहे, चिखल तपासायची गरज नाही. तो म्हणाला, छत्री पोस्टाने पाठवतो. मी नको म्हणालो. तिथेच खुंटीला टांगून ठेव, आम्ही दोघं न्यायला येऊ.

तिसरा ता. क. (हा सावकाश वाचावा.) कधी जायचं ते हिने ठरवावं. पावसाळा संपता संपता म्हणाली तरी चालेल. छातीएवढ्या गवतातून अस्वल दिसत नाही, हे माझं मत कायम आहे. पण फुलं दिसतात. फटीपाशी तिनेच बसावं. मी शेजारी बसेन, तोंड बाहेरच्या बाजूला करून, आणि बाही ओढली गेली की वाक्य असेल तिथे टाकून देईन, मग ते तिसऱ्या कारणावर असलं तरी. (एका झटक्यात जमेलच असं नाही. दोनदा ओढावी.)