बाबांचं ग्राफिक्स कार्ड विकू नकोस

यज्ञेश,

बाबांचा तो शेवटचा रविवार आठवतोय? जेवताना तुम्हा दोघांची ग्राफिक्स कार्डांवरून जुंपली होती.

"माझं तुमच्यापेक्षा कितीतरी फास्ट आहे, बाबा."

"असेल रे, पण तुझ्या कार्डात मेमरी आठच जीबी. माझ्यात बारा."

आई म्हणाली, "मेमरी नंतर मोजा, आमटी गार होतेय." दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

आज सकाळी राहवेना, म्हणून पीसीत दोन्ही कार्डं आलटून पालटून लावून पाहिली. गेममध्ये तुझं सहज पुढे. मग बाबांनी सोसायटीच्या गणपतीसाठी केलेलं थ्रीडी मखर उघडलं. तुझ्या कार्डावर चित्र अर्ध्यातच अडलं, मेमरी संपली. असं का, म्हणून फाइल नीट पाहिली. बाबांनी एक झेंडू करून त्याच्या नकला डकवलेल्या नाहीत. प्रत्येक फूल वेगळं घडवलंय, पाकळी न् पाकळी. ते सगळं एकाच वेळी मेमरीत मावायला हवं. त्यांच्या कार्डावर वेळ लागला, पण चित्र पुरं झालं.

तेव्हा ते विकू नकोस. संध्याकाळी गिऱ्हाईक येईल, त्याला फोन करून नाही सांग. मी आईला घेऊन घाटकोपरला मामाकडे जातेय. आमटी ओट्यावर झाकून ठेवली आहे.

बाबा दरवर्षी मखराचं चित्र दाखवून विचारायचे, "कसं वाटतंय गं?" मी पुस्तकातून मान वर न करता "ठीक" म्हणायचे. आज रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "बाबा, फार सुंदर झालंय."

ताई