हत्ती किती पावलांवर होता

मंगरूळपीर,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रसेनजितला,
देवानंददादाचा सप्रेम जय भीम.

आम्ही सारे मजेत. तुम्हीही असालच, पुण्यात मजेत नसलेल्या माणसाला सोसायटी ठेवून घेत नाही म्हणतात. परवा पोळा झाला. सोयाबीन अजून तरी हिरवं आहे. पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू मला फोनवर ब्लॉक केल्यापासून माझ्यासाठी पोस्ट खातं तेवढं उरलं आहे. डोक्यावर केस लावून घेतल्याचा तुझा फोटो घरच्या ग्रुपवर आला, त्याखाली मी ‘पेरणी उशिरा झाली, पण उगवण चांगली आहे’ एवढंच लिहिलं होतं. कास्तकाराच्या घरात याला कौतुक म्हणतात. असो.

आपल्या सूनबाईचा, पौर्णिमाचा फोन आला होता. सासरे फोनवर ‘हं हं’ करतात आणि लगेच सासूबाईंच्या हातात देतात, काय झालं, असं विचारत होती. प्रश्न तिच्या तोंडून आला, पण अक्षर तुझं होतं.

तर ऐक. मोठेबाबांची, म्हणजे तुझ्या बाबांची, तब्येत उत्तम आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन भाकरी खातात, चष्म्याशिवाय बस ओळखतात. पण यंदा त्यांनी हत्तीची गोष्ट सांगितलेली नाही. आषाढ पौर्णिमा कोरडी गेली, श्रावण पौर्णिमाही गेली.

तू पंधरा वर्षांत वर्षावासाला गावी, इंझोरीला आला नाहीस, म्हणून थोडी आठवण करून देतो. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी विहारात ग्रंथवाचन होतं, पंचशील होतं, मोठ्या आईच्या हातची खीर होते, आणि मग सारं गाव विहाराच्या ओट्यावर येऊन बसतं ते मोठेबाबांच्या हत्तीसाठी. एकवीस वर्षांचे असताना ते फौजेतून शांतिसेनेत आफ्रिकेत गेले. छावणीच्या रसदीत एक हत्ती रोज घुसायचा. कप्तानाने यांच्या हातात थ्री नॉट थ्री दिली आणि यांनी त्याला एका गोळीत झोपवला. आत ‘जीवहत्या करणार नाही, खोटं बोलणार नाही’ म्हणून हात जोडायचे आणि बाहेर येऊन हत्ती मारायचा. गोष्ट खरी असेल तर पहिलं शील गेलं, खोटी असेल तर चौथं. सुटका कुठूनच नव्हती. पण खीर चांगली असायची, त्यामुळे कोणी हिशेब मागितला नाही.

हत्तीच्या जागी मोठेबाबांच्या जोडीच्या नानाजीची म्हैस असायची. नानाजी स्वतः ती दोरीला धरून आणायचा आणि सगळ्यांदेखत विचारायचा, “माणिक, औंदा कुठी बांधू?” मोठेबाबा जागा दाखवायचे, आपल्या लहानपणी ती शंभर पावलांवरची पाण्याची हापशी. मग खडूने म्हशीच्या कानापाशी खूण करून वर्ग सुरू. तो वर्ग मला पाठ आहे. माझ्या नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास नसेल इतका पाठ:

“आडवा उभा असला तं कानाच्या भोकाच्या चार बोटं पुढं. येवढ्या मोठ्या डोक्यात मेंदू भाकरीयेवढा, बाकी सारं जाळीचं हाड. समोरून आला तं दोन डोळ्यांच्या मधात, पण जितका जवळ, तितका नेम खाली धरा लागते. काळजावर मारायचं तं पुढच्या पायाच्या मांगं, खालच्या तिसऱ्या हिश्शात. पण काळजात गोळी घेऊन बी तो शंभर पावलं पळते. त्या शंभरात तू उभा असला तं तुह्यं काम झालं. अन् चाळीस पावलांच्या पलीकडून हत्तीवर गोळी टाकणारा एक तं येडा, नाही तं साहेब.”

आपण लहान होतो तेव्हा तू एकदा विचारलं होतंस, मग बाबा तुम्ही शंभरावरून कसा मारला? आठवतं? ते म्हणाले होते, “मी तवा येडा होतो.” सारा ओटा हसला. तू मात्र दुसऱ्या दिवशी हसणाऱ्या दोन पोरांना शाळेत ठोकून आलास.

आता गोष्ट का बंद झाली? वय झालं. पाऊस असतो. नानाजीची म्हैसही म्हातारी झाली. कुठल्याशा साप्ताहिकात कोणीतरी काहीतरी लिहिलं होतं म्हणतात, पण अशा लिखाणाकडे शहाणी माणसं लक्ष देत नाहीत. बाकी काळजी करू नये. पौर्णिमाला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
देवानंददादा

ता.क. ते साप्ताहिक कोणी पाठवलं तर वाचू नकोस. छपाई फार वाईट असते, डोळ्यांना त्रास होतो.


मंगरूळपीर,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रसेन,
सप्रेम जय भीम.

तू ब्लॉक काढलास, आनंद झाला. त्यानंतर ‘साप्ताहिकाचं नाव काय’ एवढंच लिहून पाठवलंस, तो आनंद तिथेच संपला. नाव सांगून उपयोग नाही. लिहिणाऱ्याचं सांगतो. ‘चिमटा’ या नावाने त्यात दर आठवड्याला जो लिहितो, तो मी.

लेखाचं नाव होतं ‘हत्ती पुढे सरकतो आहे’. आपल्या लहानपणी हत्ती हापशीपाशी मेला, म्हणजे विहाराच्या पायरीपासून शंभर पावलं. मग मी पाहत होतो, म्हैस दर दोन-चार वर्षांनी पुढे यायला लागली. आधी नानाजीचा गोठा, साठ पावलं. मग विजेचा खांब, तीस. गेल्या वर्षी नालीवरची फरशी, बारा. मी एका रविवारी टेप घेऊन गेलो आणि मोजून आलो. मग लिहिलं, की माणूस म्हातारा होतो तसा त्याचा पराक्रम तरुण होतो. या वेगाने दोन वर्षांत हत्ती शिकाऱ्याच्या मांडीवर बसून खीर खाईल. पहिल्या आणि चौथ्या शीलाचा विनोदही त्यातच होता. पत्रात तो तुला फुकट वापरून दाखवला. नाव कोणाचं घातलं नव्हतं, ‘एक निवृत्त शिपाई’ म्हटलं होतं. जणू इंझोरीत हत्ती मारलेले शिपाई चौकाचौकात उभे आहेत.

लोक फार हसले. तीन जणांनी फोन करून अभिनंदन केलं. मोठेबाबांनी अंक वाचला, घडी घातली आणि मोठ्या आईला म्हणाले, “गणित बरोबर हाये पोट्ट्याचं.” त्यानंतर ते ओट्यावर आलेच नाहीत. श्रावण पौर्णिमेला नानाजी सवयीने म्हैस घेऊन आला, दोरी हातात धरून बराच वेळ उभा राहिला, आणि “चाल वं, आपलं काम नाही आता,” असं म्हशीला म्हणून परत गेला. मी तिथेच होतो. खीर मला गेली नाही. आता माझ्यासारख्याला खीर जात नाही म्हणजे काय ते तूच समज.

मागच्या रविवारी अर्धा किलो जिलेबी घेऊन इंझोरीला गेलो. माफी मागायला मोकळ्या हाताने जाण्याइतका मी शूर नाही. मोठेबाबा खाटेवर तुरीची डाळ निवडत होते. मी ‘चुकलं’ म्हणालो. त्यांनी आणखी चार खडे निवडले. मग उठले, काठी घेतली आणि म्हणाले, “चाल, टेप आणला नसशीन तं पावलांनी मोजू.”

दुपारची वेळ, विहारासमोर कोणी नव्हतं. मला त्यांनी पायरीवर उभं केलं आणि स्वतःची काठी माझ्या हातात दिली. ती बंदूक. स्वतः गेले आणि नालीवरच्या फरशीवर उभे राहिले. मला वाटलं, आता सोंड करतील, कान हलवतील, मी हसेन आणि मिटेल. त्यांनी काहीच केलं नाही. नुसते उभे राहिले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

“धर नेम,” म्हणाले.

मी काठी खांद्याला लावली.

“खाली धर. बारावर नेम खाली धरा लागते. शिकवलं न तुले?”

प्रसेन, बारा पावलं म्हणजे किती जवळ, ते मी टेपने मोजलं होतं तेव्हा मला कळलं नव्हतं. त्यांच्या डाव्या पापणीवर एक पांढरा केस आहे. तो मी बावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मी काठी खाली घेतली.

“घेतली न खाली?” ते म्हणाले. “मीबी घेतली होती.”

मग त्यांनी सांगितलं, फरशीवर उभ्यानेच. हत्ती आडवा होता, वारा बरोबर होता, कान मोकळा होता. इतका सोपा नेम फौजेत कोणाला मिळाला नसेल. हत्तीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि यांनी नेम सोडून बंदूक खाली घेतली, मग आभाळात गोळी मारली. तो वळला आणि निघून गेला. कप्तानाला सांगितलं, जखमी होऊन पळाला. दोन दिवसांनी नदीपलीकडे एक म्हातारा हत्ती मेलेला सापडला, कशाने मेला कोण जाणे. छावणीने तो यांच्या नावावर लावला, रम पाजली, घरी पत्र लिहिलं. सुटीवर आले तेव्हा गाव बसथांब्यावर आलं होतं.

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, “नानाजीच्या बापानं त्या दिवशी मले खाटेवर बसवलं. आपल्या घरचा माणूस त्या अंगणात पयल्यांदा खाटेवर बसला. हत्ती मारला म्हणून बसवलं. सोडून आलो असतो तं कोण बसवत होतं?”

माझ्या लेखात त्या खाटेचा उल्लेख नव्हता.

“मंग शंभर पावलं काहून सांगत होते?”

“शंभरावरून डोळा दिसत नाही,” ते म्हणाले. “तितून मारला म्हटलं तं बरं वाटे. मंग म्हातारा झालो. म्हटलं, मराच्या आंधी खऱ्यापाशी जावं, पण एकदम नाही जमत, थोडं थोडं जावं. गेल्या साली बारावर आलो होतो. तू आणखी दोन वर्सं थांबला असता तं मीच सांगतलं असतं.”

म्हणजे सारा उलटा हिशेब होता. हत्ती बढाईने पुढे सरकत नव्हता. म्हातारा माणूस दर दोन-चार वर्षांनी काही पावलं टाकत खऱ्याकडे चालला होता, आणि मी मध्ये टेप घेऊन उभा राहिलो. एवढ्यासाठी मला तीन अभिनंदनाचे फोन आले.

घरी आलो तर मोठी आई दारातच. मी हे सारं मोठ्या रहस्यासारखं तिच्या कानात सांगायला गेलो. ती म्हणाली, “मले लग्नाच्या साली सांगतलं त्यायनं. न सांगता बी समजलं असतं. घरी कोंबडी कापाची असली तं हा माणूस वावरात जाऊन बसते. हत्ती म्हणे.” आणि जिलेबीचा पुडा उचलून आत घेऊन गेली. पंचावन्न वर्षं ती बाई त्या ओट्यावर खीर वाढत होती, आणि चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. व्यंगलेखक घरात कोण आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता तुझ्याकडचं काम. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी ते खरी गोष्ट सांगणार आहेत, नानाजीसमोर, साऱ्या ओट्यासमोर. नानाजी परवाच विचारायला आला, औंदा कुठी बांधू. मोठेबाबा म्हणाले, “औंदा म्हैस नको. तूच बस.” तो का, कसं, काही न विचारता बरं म्हणाला. पण तुला तिथे सगळ्यांबरोबर पहिल्यांदा कळावं, हे त्यांना नको होतं. त्या हत्तीपायी तू शाळेत मारामाऱ्या केल्यास. फोनवर ‘हं हं’ करतात ते रागाने नाही, तुझ्या भीतीने. मला म्हणाले, “माह्याच्यानं फोनवर होत नाही. तुह्या हातानं मोडलं, तुह्याच हातानं त्याले लिही.” म्हणून हे पत्र. मागचं पत्र ज्याने लिहिलं, तो माणूस फारसा विश्वासाचा नव्हता.

तुला राग आला असेल, तर तो मला दे. त्यांना देऊ नकोस. केसांवरून मी काही बोलणार नाही, पौर्णिमासमोर शब्द देतो. सुटी काढ आणि आदल्या दिवशीच ये. आणि आलास की लोकांमागे लपून हापशीपाशी उभा राहू नकोस. तिथून त्यांचे डोळे दिसत नाहीत.

नालीवरच्या फरशीपाशी तुझ्यासाठी जागा धरून बसलेला,
तुझा
देवानंददादा