मांडवाचं पांढरं छत

बाबा, फ्लॅश वापरायला लागणाऱ्या बऱ्याचशा वस्तू मी माझ्या हातांनी केल्या. खिडकीच्या उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून कॅमेऱ्याच्या बाजूला बसणारा दांडा कापला, म्हणजे फ्लॅश लेन्सच्या वर वीतभर उंच राहतो आणि सावली माणसाच्या पाठीमागे खाली जाते. आईस्क्रीमच्या डब्याच्या दुधी झाकणाची फ्लॅशला टोपी केली. पडद्याच्या पाइपचा स्टँड केला, त्याच्या बुडाला वाळूची पिशवी. फ्लॅशच्या डोक्यामागे रबराने अडकवायचं पांढरं कार्ड केलं; ते पुन्हा पुन्हा कापलं, कारण आधीची वाकत होती आणि वाकलेलं कार्ड प्रकाश कुठेही फेकतं. कोणी विचारलं की मी सांगतो, कुठल्या क्लासला गेलो नाही, कुणाच्या हाताखाली राबलो नाही. ते खरंच आहे. पण सगळ्यात मोठी वस्तू तुम्ही केलीत, आणि तिच्याबद्दल तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी कधी नीट बोललो नाही.

नंदाखाल गावातलं ते लग्न तुम्हाला आठवत असेल. मांडव घालायचा धंदा तुमचा, त्या वाडीतला मांडवही तुमचाच होता, वर चुण्या घातलेलं गुलाबी कापड. माझा डिजिटल कॅमेरा नवा, फ्लॅश त्याहून नवा. पुस्तकात वाचलं होतं की फ्लॅश तोंडावर मारू नये, डोकं वर वळवून छतावर मारावा, म्हणजे प्रकाश छतावरून पसरून मऊ खाली येतो. मी तसंच केलं, आणि छत ज्या रंगाचं त्या रंगाचाच प्रकाश खाली आला. नवरीचा सफेद गाऊन गुलाबी, पाद्रीबाबांचा झगा गुलाबी. कॉम्प्युटरवर सावरायला गेलो तर गाऊन सफेद व्हायचा, पण ट्यूबलाइटखालचे चेहरे हिरवे पडायचे. नवरीच्या आईने अल्बम मिटला आणि म्हणाली, "माझ्या पोरीला मी सफेद कपड्यात उभी केली होती. तुम्ही तिला रंगवून आणलीत." त्यानंतर पापडी गावातलं ठरलेलं काम गेलं, आणखी एक गेलं. एकच लग्न उरलं, बोळिंजचं. तेही बिघडलं असतं तर मी कॅमेरा विकून वाड्यांतली केळी टेम्पोतून बाजारात पोचवायला लागलो असतो. तसं आईला सांगूनही टाकलं होतं.

तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. आई कोळंबी सोलतेय. तुम्ही म्हणता, "दिवा वर का मारतो, ते दाखव मला." मी आईचा एक फोटो फ्लॅश समोरून मारून काढतो, एक आपल्या चुना दिलेल्या छतावर मारून. आई ओले हात लांब धरून पडद्यात वाकून बघते. "ह्याच्यात मला पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते," पहिल्यावर म्हणते, आणि दुसऱ्यावर, "ही मी. पन केस तरी विंचरू द्यायचे होतेस, मेल्या." तुम्ही दोन्ही फोटो मागेपुढे करायला लावता, बराच वेळ. मग एवढंच विचारता, "म्हंजे छत पांढरं पायजे, एवढंच ना?"

बोळिंजला सकाळी मी पोचलो तेव्हा तुम्ही शिडीवर होतात आणि मांडवावर पांढरं कापड ताणलेलं होतं. क्रिस्तांवांच्या लग्नांत स्टेजमागे सोडायला ठेवलेलं, तुम्ही ते हिंदू घराच्या लग्नात छताला लावलं होतं. कडेने लाल झालर आणि झेंडू, पण मधे सगळं पांढरंशुभ्र. नवरीचा काका खाली उभा राहून ओरडत होता, "लग्नाला पांढरं? कोन मेलंय आमच्याकडे?"

"वर बघत जेवनार काय तुम्ही?" तुम्ही खिळा तोंडातून काढून म्हणालात. "समोर बघा. समोर नवरी हाय."

"मस्करी नको. लोक काय बोलतील?"

"लोकांना माझं नाव सांगा. फोटो खराब आले तर भाडं घेनार नाय. आनि ह्या गावात परत खांब रोवनार नाय."

बाबा, आयुष्यभर कमावलेलं नाव होतं ते. तुम्ही ते सगळ्यांदेखत माझ्या फ्लॅशवर लावलंत, तेही नंदाखालनंतर. पहिलाच फोटो अर्धा काळा आला. एक क्षण वाटलं, संपलं. मग दिसलं की शटरचा वेग पाचशेवर गेलाय. त्या वेगात कॅमेऱ्यातला पडदा एका वेळी पूर्ण उघडा नसतो, आणि फ्लॅशचा प्रकाश अर्ध्याच फोटोवर पडतो. दोनशेवर आणला. फ्लॅशची ताकद मशीनवर न सोडता हाताने ठरवली, डोकं वर आणि किंचित मागे वळवलं. दुसरा फोटो काढला. काका माझ्या खांद्यावरून वाकले होतेच. नवरी सावळी, अंगाला हळदीची झाक, कपाळावर घाम, सगळं जसंच्या तसं. त्यांनी फोटो जवळून निरखला. मग हळूच म्हणाले, "आमची पोर आमच्यासारखीच आली." आणि जाऊन स्वतःच्या बायकोला फोटोसाठी ओढून घेऊन आले.

तुम्ही शाबासकी दिली नाहीत. संध्याकाळी दोर गुंडाळताना म्हणालात, "फोटो काढताना तुझं तोंड उघडं असतं. मिटत जा." मी अजून मिटतो. त्या लग्नातून मला पुढची कामं मिळाली, त्यांतून घर उभं राहिलं, मुलीचं शिक्षण झालं. जिथे तुमचा मांडव आणि माझा कॅमेरा, तिथे पांढरं छत, हे पुढे कोणाला सांगावंही लागलं नाही. आता हॉलची छतं काळी असतात आणि मी फ्लॅशला पांढरी छत्री लावून काम भागवतो. प्रकाश बरा येतो. तेवढा नाही येत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कॅमेऱ्याच्या कपाटात राहील. पण एक सांगतो, तुमच्या सुनेलाही सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात बोळिंजचा एक डेकोरेटर आला होता. बांबू-कापड त्याला नको होतं. तुमचं नाव हवं होतं, त्याच्या पाटीवर लावायला. जुनी घरं अजून त्या नावाने विचारतात, म्हणाला. चार लाख देतो म्हणाला. मला सरळ नाही म्हणता आलं नाही, बोललो असतो तर रडू आलं असतं आणि परक्यासमोर ते दाखवायचं नव्हतं, म्हणून मी ऐटीत म्हणालो, "कमी आहेत." तर त्याने लगेच पाच केले. मग मात्र मी नाही म्हणालो. पाच लाखांना.