मला कळवलं होतंस

भोईवाडा,
रविवार दुपार

प्रिय राधा,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. पाकीट बघून फाडावंसं वाटेल, पण आधी वाच. वडाळ्याचा तुझा पत्ता मला आठवेना, तो किर्तीने घातलाय. आपल्या चाळीचं रंगकाम झालं. तुमच्या खोलीत राहायला आलेली दर्शना सकाळी तुझ्यासारखाच रेडिओ मोठ्याने लावते.

गेल्या महिन्यात किर्ती मला विसरभोळेपणाच्या तपासणीला घेऊन गेली. मी घुश्शातच होते. तीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं, साठ मुलांची हजेरी पट न उघडता घेतली, आणि आता माझी परीक्षा? डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची. म्हणाली, "आजी, दहा शब्द वाचते, थोड्या वेळाने विचारेन. किती आठवतील?" मी म्हटलं, "नऊ तरी." आठवले तीन. वर तिलाच म्हटलं, "तू तीनच वाचलेस." तिने यादी पुढे केली. बाकीचे सात मी ऐकलेच नव्हते, अशी माझी खात्री! तीन आठवले याचं एवढं नाही गं, पण नऊ म्हणताना मला जराही शंका आली नाही, त्याने मी हादरले.

परत येताना टॅक्सीत आपलं भांडण डोक्यात आलं. मी फोनवर विचारलं होतं, जगनभाऊजी काय म्हणतात? तू रडायला लागलीस. ते जाऊन चार महिने झाले म्हणालीस, आणि मी तुलाच फैलावर घेतलं. एवढी जवळची मी, आणि मला कळवलंसुद्धा नाहीस! तू म्हणालीस, "शेवंते, तू इथेच होतीस." मी तुला खोटारडी म्हटलं.

किर्तीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू तीन दिवस मावशीकडे राहिलीस. तिला घास उतरत नव्हता, तूच पेज भरवलीस." राधा, मला त्यातलं काही आठवत नाही. अजूनही नाही. पण तुझं खरं आहे, हे आता मला कळतं.

परवा पुन्हा तपासणी झाली. "किती?" "चार." चारच आठवले! स्मरण वाढलेलं नाही, पण अंदाज बरोबर यायला लागलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. मला वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं. त्या आनंदात आम्ही मायलेकींनी गरम बटाटेवडे खाल्ले. हल्ली वाद घालण्याआधी विचारते, हे मी विसरले का? घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

माफी मी तुझ्यासमोर बसून मागेन. पुढच्या रविवारी किर्ती मला घेऊन येतेय. हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे. कदाचित मी दारातूनच भाऊजींना हाक मारेन. कदाचित पुन्हा म्हणेन, मला कळवलं नाहीस. तेव्हा समजावत बसू नकोस, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. हे पत्र माझ्या हातात दे. मी कितीही तावातावाने बोलत असले तरी माझं अक्षर ओळखेन. म्हणून माझ्या हाताने लिहून ठेवते: जगनभाऊजी गेले. राधाने मला कळवलं होतं. मी गेले होते, तिच्याजवळ राहिले होते.

तुझीच,
शेवंती