नाशपातीला बांधलेला कोट

१४ सप्टेंबर १९९८

प्रिय तोन्या,

तू आणि मुलं बरी असाल. इथे पहाटे बादलीतलं पाणी गोठायला लागलं, म्हणून मागल्या आठवड्यातच सगळ्या नाशपात्या उतरवल्या. पाच बादल्या निघाल्या. झाडावर पिकायला ठेवल्या तर आतून काळ्या पडतात, म्हणून कडक होत्या तेव्हाच तळघरात भुशात ठेवल्या. चार-पाच पिकल्यात. कापताना रस पार कोपरापर्यंत ओघळतो.

बाबांना चमच्याने खरवडून भरवते. त्यांची उजवी बाजू गेल्याची तार ऑगस्टमध्ये केली होती. तू उत्तर दिलं नाहीस. तुला जे माहीत आहे त्यावरून तुझंही बरोबरच आहे.

पण तुला माहीत आहे ते खरं नाही.

जानेवारीत, त्या दिवशी उणे छत्तीस होतं. बाबा दवाखान्यात निघाले, तेव्हा दारातून म्हणाले, "रिम्मा, वरची कडी लाव गं." मी लावली. आईचं भान सुटल्यापासून ती बाहेर निघून जायची, म्हणून कडी तिचा हात पोचणार नाही इतकी उंच बसवली होती, तुला माहीत आहे. मी कणीक मळायला बसले आणि आईचं सुरू झालं. "झाडाला गोणपाट गुंडाळलं का? ससे साल कुरतडतील." गुंडाळलं, म्हटलं. दोन मिनिटांनी परत तेच. सकाळपासून तिसाव्यांदा असेल. मी ओरडले, "जा, तूच जाऊन बघ एकदाची!"

ती कोट घालून दारापाशी उभी राहिली. "उघड ना," म्हणाली, लहान मुलीसारखी.

मी उठले आणि कडी काढली.

वाटलं, गारठेल आणि येईल परत. घरात इतकी शांतता झाली, तोन्या. मी चुलीपाशी टेकले आणि माझा डोळा लागला. बाबांच्या हाकेनेच जाग आली. आईने स्वतःचा कोट झाडाला बांधला होता, तो तू पाहिलास. ती बुंध्याला मिठी मारून बसली होती.

तू पोचायच्या आधी बाबा म्हणाले, "तू बाहेर गेली होतीस, घरी मी होतो आणि कडी लावायला मी विसरलो, असंच सांगायचं. तुला या गावात अजून जगायचंय. माझे दिवस ते किती राहिलेत?" आईला माती दिल्यावर, जेवणाच्या वेळी तू सगळ्यांसमोर त्यांना म्हणालीस, "तुमचं तोंड बघायचं नाही मला," आणि जेवायलाही न थांबता गेलीस. मी तिथेच वाढत होते. एक शब्द बोलले नाही.

डॉक्टर म्हणतात, बाबा बर्फ पडेपर्यंत काढतील असं वाटत नाही. त्यांचं बोलणं आता नीट कळत नाही, पण तुझं नाव कळतं. मी हे लिहितेय ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, नको नको म्हणून. तरी लिहिलं.

गुरुवारची बस चारला येते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी शेजारी जाऊन राहीन. तू फक्त त्यांच्यापाशी बस.

तू अजूनही म्हणू देशील तर, तुझी बहीण,
रिम्मा