येऊ काय?

५ मार्च २००७
कोल्हापूरला बदली झाली. संपादकांनी शिक्षा म्हणून पाठवलं असावं. मी बक्षीस समजून आलो. वाईच्या पाठशाळेत शब्दरूपं, धातुरूपं घोकताना ज्या पांढऱ्या रश्शाची नुसती कीर्ती ऐकली, त्याच्या गावी वार्ताहर व्हायचं! खोली मिळाली ती मात्र राजारामपुरीत, बसलिंगाप्पांच्या घरी, वरच्या मजल्यावर. घर लिंगायत, कडक शाकाहारी. "पावणं, हितं झुणका मिळंल, कोंबडी न्हाय," असं त्यांनी दारातच बजावलं. गुळाचे व्यापारी आहेत. बोलण्यात त्याचा अंश नाही. पत्नी शांतादेवी मोजकंच बोलतात, पण भाकरी अशी करतात की माझं रश्शाचं सुतक पहिल्याच जेवणात फिटलं.

८ मार्च
दुपारी भारनियमन. शांतादेवी वर आल्या. पदराखाली रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क, कॉम्प्युटरला बाहेरून जोडतात ती. त्यांची एकुलती लेक सौंदर्या मागच्या वर्षी तापाने गेली. कॉलेजात असताना तिला आवाज भरून ठेवायचा नाद होता. गाणी, घरातली बडबड, सगळं या डबीत. आता डबी टकटक करते आणि उघडत नाही. म्हणाल्या, "फोटू भिंतीवर हाय. आवाज तेवढा ह्यातच हाय वो. मला आठवंना झालाय." ऑफिसचा लॅपटॉप बघून त्यांनी मला तज्ज्ञ ठरवलंय. मी तो टाइपरायटरसारखा बडवतो, हे सांगायचा धीर झाला नाही.

१२ मार्च
शाहूपुरीत बाळासो म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गडी आहे. डिस्क कानाला लावून म्हणाला, आतली वाचायची सुई मोडायला आलीय. "प्लॅस्टिकात बांधा आन् फ्रीजरमधी ठेवा. गार हाय तवर चालंल, तेवढ्यात घावंल ते काढून घ्या. सारखी चालवू नगासा पावणं, मरंल." मेलेल्यांना थंड ठेवायची रीत जुनीच आहे, असं मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो.
शांतादेवींनी फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे काढला आणि डिस्क तिथे निजवल्यासारखी ठेवली.

१४ मार्च
चालली! बाकीच्या फाइली उघडेनात, एक उघडली. भांड्यांचा आवाज, बाहेर रिक्षा, आणि कोवळा गळा: "अव्वा, येऊ काय?" तिथेच तुटली. कॉलेजला निघताना आईला विचारलेलं असणार. आपल्या भाषेचीही गंमत आहे. निघालेलं माणूस 'येऊ का' विचारतं, घरातलं 'ये' म्हणतं. 'जा' हे क्रियापद आपण उंबऱ्याबाहेरच ठेवलंय.
शांतादेवींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि खाली धावल्या. दुःखच ते. फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली, एकट्यानेच पुन्हा लावली. पोरीचा प्रश्न असा लोंबकळत ठेवणं बरं वाटेना. सवयीने म्हणालो, "ये हं बाळ."

१५ मार्च
उतरवलेली फाइल आज लांब झालीय. प्रश्नानंतर माझा आवाज: "ये हं बाळ." मी काहीही रेकॉर्ड केलेलं नाही. बाळासोला फोन केला. म्हणाला, असं हुईत न्हाय, उनात फिरू नगासा.
माझ्या आवाजापुढे आणखी काही आहे. ओली ढेकळं फुटावीत तसं.

१७ मार्च
बसलिंगाप्पांना सांगितलं. म्हणाले, ती गेल्यापासून त्या डबीतलं कुठलंही गाणं लावलं तरी शेवटी हेच विचारायची. आम्ही कुणी उत्तर दिलं न्हाय. हिनं तोंडात पदर कोंबून वरीस काढलं, पण डबी बंद पडंस्तवर ऐकायचं सोडलं न्हाय. "तुमी 'ये' म्हणलासा, पावणं?" त्यांचा एवढा बारीक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.
जयसिंगपूरजवळच्या त्यांच्या शेतात तिला समाधी दिलीय. त्यांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलेली. ते तसेच तिकडे निघून गेले.

१८ मार्च
त्यांचा फोन. जागा आतून खचलीय. एवढंच बोलले.
शांतादेवींना सगळं कळलंय. रागावल्या नाहीत. हसल्या. जेवताना एक ताट जास्त मांडलं, त्यावर शेंगांची चटणी वाढली. तिला आवडायची म्हणे.
मी खोली सोडतो म्हणालो. जिन्यात ओली माती होती. परत वर आलो.

१९ मार्च
भर दुपार. भारनियमन. लॅपटॉप बंद. डिस्क खाली फ्रीजरमध्ये, तिची वायर माझ्या हातात—
तरी टकटक.
डिस्क नव्हे. जिना. पावलंही नव्हेत. मांडी न मोडता कुणी एकेक पायरी वर सरकतंय—

शांतादेवी माझ्या खोलीत आल्यात. कडी काढायला निघाल्यात. मी त्यांचा हात धरून ठेवलाय, डाव्या हाताने. तोंडात पदर नाही. म्हणतात, सोडा की वो, पोरगी दारात हाय—

थांबलं. दाराशी.
"येऊ काय?"
अव्वा नाही म्हणाली. पावणं म्हणाली. "पावणं, येऊ काय?"

मलाच विचारतेय. मीच सांगितलं पाहिजे. एकच शब्द. जा. एवढी धातुरूपं पाठ केली, त्यातलं कुठलंही— जा, गच्छ—
जीभ वळत नाही. जन्मभर दारात उभ्या माणसाला कधी म्हटलंच नाही— इथे लिहितो आणि मोठ्याने वाचतो— ज—
ये—